साहेबाने दिलेला शब्द

इंग्रज माणूस शब्दाचा पक्का, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटनमधल्या नऊ शिकारी आणि ग्रामीण संघटनांनी मिळून असाच एक शब्द दिला: येत्या पाच वर्षांत छऱ्याच्या बंदुकीतून शिसं उडवणं आम्ही थांबवू. कायदा नको, दंड नको, इन्स्पेक्टर तर नकोच. सभ्य माणसांचा मामला, आमचं आम्ही बघू.

केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना मात्र कुणाच्या शब्दावर विसंबायचं वळण नसतं. त्यांनी खाटकांकडून, दुकानांतून फेझंट विकत आणले, चिरले आणि आतले छरे तपासले. पहिल्या हंगामात ज्या 180 पक्ष्यांत छरे सापडले, त्यांपैकी 179 जणांत शिसं. उरलेला एक पोलादाच्या छऱ्याने पडला होता. तो कुणी पाडला याची संघटनांनी खरं तर चौकशी करायला हवी होती. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या गोष्टीत असा आगाऊपणा बरा नव्हे. नंतरच्या हंगामांतही दहातले नऊहून अधिक फेझंट शिशानेच मेले. पाच वर्षं संपली, शब्द मात्र न वापरल्यामुळे अजून नव्यासारखा आहे.

फेझंट म्हणजे कोंबडीचा लांब शेपटीचा, श्रीमंत चुलतभाऊ. मूळचा तो ब्रिटनचा नव्हेच. दरवर्षी तीन कोटींहून अधिक फेझंट जाळीत वाढवून, दाणे घालून रानात सोडतात. ऑक्टोबर लागला की रोजाने आणलेली माणसं काठ्या आपटत, आरडाओरडा करत त्यांना झुडपातून उठवतात आणि पलीकडे ट्वीडचे कोट घातलेली मंडळी आकाशाकडे बार काढतात. ज्याने काल दाणे घातले, त्याच्याच बाजूने हाकारा आलेला पाहून पक्षीही क्षणभर गोंधळत असावा. या सगळ्याला तिकडे निसर्गाशी जुनं नातं म्हणतात.

एका काडतुसात साधारण तीस ग्रॅम शिसं, म्हणजे अडीचशे-तीनशे छरे. नेम लागला तरी पक्ष्याच्या अंगात त्यातले मोजकेच शिरतात. बाकीचे शेतात, तळ्याकाठी, चिखलात पडतात. आता बदकाला दात नसतात. दाणे भरडायला ते बारीक खडे गिळतं आणि छरा त्याला खड्यासारखाच दिसतो. पोटात तो घासला जातो, आम्लात विरघळतो आणि रक्तात उतरतो. मग पंख लोंबायला लागतात, मान धरवत नाही, पोटाचे स्नायू चालेनासे होतात आणि अन्न आत तुंबलेलं असताना पक्षी उपाशी मरतो. ब्रिटनमध्ये वर्षाला 50 हजार ते एक लाख पाणपक्षी असे मरतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शिकारीच्या वहीत त्यांची नोंद नसते. न लागलेल्या बाराने मेलेल्याचं श्रेय घेणं साहेबाच्या विनयात बसत नाही. जखमी होऊन झुडपात मेलेल्या पक्ष्याला फाडून खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांनाही त्यातला वाटा मिळतो, तोही फुकट.

सरकारने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. गळाला लावायची शिशाची वजनं गिळून थेम्सवरचे हंस मरायला लागले, तेव्हा 1987 साली त्या वजनांवर बंदी आली आणि हंस सावरले. पण हंसाची गोष्ट वेगळी. खुल्या पाण्यातल्या बेवारशी हंसावर तिथं आजही राजाचा हक्क आहे. बदकाला असा मालक नाही. तरीही 1999 साली इंग्लंडात बदकांवर शिशाचा बार टाकायला मनाई झाली. पुढे अभ्यासकांनी बाजारातून बदकं आणून पाहिली, तर 70 टक्के शिशाने मारलेली. काही वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर 77 टक्के! महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि भाजीवाला ती पिशवी गोणपाटाखालून काढून देतो. निदान इकडेतिकडे बघून तरी देतो.

ताटातली गोष्ट आणखी रंजक. कोंबडी, गाय, डुक्कर, मेंढी यांच्या मांसात किलोमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही, असा तिथला नियम आहे. शिकारीच्या मांसाला मर्यादाच नाही. म्हणजे शिसं कोंबडीत सापडलं तर भेसळ आणि फेझंटमध्ये सापडलं तर परंपरा. पाकिटावर बारीक अक्षरात सूचना असते, की यात छरे असू शकतात. ती दातांच्या काळजीपोटी. दाताखाली आलेला छरा आवाज न करता बशीच्या कडेला काढून ठेवला की पाहुणा घरंदाज ठरतो. अडचण एवढीच, की शिसं मऊ असतं. पक्ष्याच्या अंगात शिरताना, हाडावर आपटताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरतात. ते काट्या-चमच्याने निघत नाहीत. तिथलं अन्न खातं गरोदर बायकांना आणि लहान मुलांना हे मांस जपून खायला सांगतं, कारण शिशाने मुलांची बुद्धी मंदावते. अर्थात जिथं इस्टेट थोरल्या मुलाकडे जाते, तिथं बुद्धीची एवढी चिंता करायचं कारण नाही.

शिसं हवंच कशाला, असं विचारलं की आजोबांची दुनळी पुढे येते. पोलादाच्या छऱ्याने तिची नळी खराब होईल म्हणे. नळातून शिसं काढलं, रंगातून काढलं, 2000 साल उजाडताना पेट्रोलमधूनही काढलं. राहिली ती आजोबांची बंदूक. डेन्मार्कने 1996 सालीच शिशाच्या छऱ्यांवर सरसकट बंदी घातली आणि 2024 मध्ये गोळ्यांवरही. तिथं शिकार अजून जोरात चालते. त्यांना आजोबा नसावेत.

साहेबाचा हा शौक आपल्यालाही ठाऊक आहे. 1938 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने भरतपूरच्या पाणथळीत एका दिवसात 4,273 पक्षी पाडले. आकडा दगडावर कोरलेला आहे, जाऊन वाचता येतो. त्या दिवशी पाण्यात शिसं किती पडलं, ते कोरायला दगडावर जागा उरली नसावी.

अखेर जुलै 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं, की शब्द पुरे झाला, आता कायदा करू. पण घाई नाही. लोकांना तयारीला तीन वर्षं मिळतील आणि बंदी 2029 मध्ये लागू होईल. पाच वर्षांच्या तयारीनंतर ही तीन वर्षांची तयारी. तोवर फेझंटचे काही हंगाम होऊन जातील आणि कपाटात साठवलेली शिशाची काडतुसं काही फेकून द्यावी लागणार नाहीत.