खुर्ची मागे, गाडी खडीत

घरबसल्या मोटारशर्यत खेळणाऱ्याचा पहिला अपघात ट्रॅकवर होत नाही, जेवणाच्या टेबलाखाली होतो. स्टिअरिंग टेबलाला आवळलेलं, पेडल फरशीवर आणि स्वारी चाकांच्या खुर्चीवर. ताशी तीनशेला ब्रेक दाबला की गाडी थांबायच्या आत खुर्ची मागे पळते. यावर सिम रेसरांचा जुना उपाय आहे: खुर्चीच्या चाकांना बूट घालायचे. चाकं पाच, बूट जोडीने, एक उरतोच.

खुर्ची स्थिरावली की वेगाचे डोहाळे लागतात. इटलीतला मोन्झा हा ५.७९३ किलोमीटरचा ट्रॅक सरळ पट्ट्यांसाठी प्रसिद्ध. २००५ साली हुआन पाब्लो मोंतोयाच्या फॉर्म्युला वन गाडीने इथेच ताशी ३७२.६ किलोमीटर गाठले. हे वाचून आपला गडी सेटअपमध्ये शिरतो आणि मागचा पंख पार झोपवून टाकतो. सरळ पट्ट्यावर वेग थोडा वाढतो. दुसऱ्या लेस्मोच्या वळणावर गाडी गिरकी घेऊन खडीत जाऊन बसते. बरं, इंजिनाची ताकद वाढवावी, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरणारी ताकद घनाने. कमाल वेग १० टक्के जास्त हवा असेल, तर ताकद ३३ टक्के जास्त लागते.

खरा वेग आधीच्या वळणात दडलेला असतो. मोन्झाचं शेवटचं वळण पॅराबोलिका (२०२१पासून तिला मिकेले अल्बोरेतोचं नाव आहे) सोडताना जो वेग हाती असतो, त्याचा फायदा पुढचा किलोमीटरभर मिळत राहतो. म्हणून ब्रेक जरा लवकर, वळणाचा आतला काठ जरा उशिरा, आणि स्टिअरिंग सरळ होईल तसतसा ॲक्सिलरेटर. आपला गडी मात्र गुडघ्याला बाशिंग बांधूनच आलेला. गाडीचं नाक आत वळायच्या आधीच याचा पाय तळाला.

टायरची पकड म्हणजे पगार. सगळा ब्रेकवर उधळला, तर वळायला काही उरत नाही. जाणकार आधी जोरात ब्रेक दाबतात आणि स्टिअरिंग वळेल तसा पाय हलका करत नेतात. हेच ट्रेल ब्रेकिंग. त्यामुळे पुढच्या चाकांवर भार टिकतो आणि नाक मुकाट आत येतं. पण स्वस्त पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, लोड सेलचं पेडल किती जोर लावला ते. पायाच्या लक्षात जोर राहतो, अंतर नाही. इथे खरेदीचा प्रस्ताव तयार होतो आणि घरच्या अर्थखात्यात अडकतो.

मग बचावासाठी जॅन मार्डनबरो येतो. ग्रान टुरिस्मो खेळता खेळता त्याने २०११ साली गेमरांना खरे रेसर बनवणारी जीटी अकॅडमी ही स्पर्धा जिंकली आणि २०१३ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला. घरचे शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "तुझा कितवा?"

नंबर सुधारायला गडी मोन्झाचा इतिहास चाळतो. १९७१ साली तिथे शिकेन, म्हणजे वेग तोडणारी नागमोडी वळणं, नव्हते. पुढच्याच्या मागे चिकटून, त्याने फाडलेल्या हवेत पळायचं, हीच तिथली विद्या. पीटर गेथिन तेव्हा तिथली फॉर्म्युला वन शर्यत ०.०१ सेकंदाने जिंकला. गडी ऑनलाइन शर्यतीत हाच डाव टाकतो. वेग वाढतो, पण अडवणारी हवाच कमी झाल्याने नेहमीच्या खुणेवर दाबलेला ब्रेक पुरत नाही, आणि पट्ट्याच्या टोकाला आता शिकेन आहे. गाड्यांचा ढीग होतो. चॅटमध्ये सगळ्यांचं एकमत होतं की चूक मागच्याची. सगळ्यात मागचा हाच, तो लिहितो, "नेट गेलं होतं."