नाव छापू की पैसे देऊ?

लिहून चार पैसे जास्तीचे कसे मिळवावेत, याविषयी सध्या मार्गदर्शनाचा सुकाळ आहे. मार्गदर्शन करणाऱ्यांना त्यातून जोड-उत्पन्न मिळतं हे उघडच दिसतं. प्रश्न उरतो तो मार्गदर्शन घेणाऱ्यांचा. त्यांच्या सोयीसाठी मराठी लेखनव्यवहाराचा मूळ नियम इथे फी न घेता सांगून टाकतो : नाव गुणिले पैसे बरोबर कायम. लेखकाचं नाव जेवढ्या मोठ्या टायपात, तेवढा पैसा बारीक. नाव गाळलं की रोख. शाळेत बॉईलचा नियम घोकलेल्यांना हे लगेच उमजेल. इतरांनी आपलं पासबुक उघडून खात्री करावी.

सगळ्यात मोठं नाव छापून येतं ते कवितासंग्रहावर. मुखपृष्ठावर नाव, मलपृष्ठावर फोटो, आत परिचय, शिवाय प्रकाशन समारंभाच्या फ्लेक्सवर नाव आणि फोटो दोन्ही. नियमानुसार इथे पैसा शून्याच्याही खाली जातो, म्हणजे तो कवीला द्यावा लागतो. प्रकाशक आधी कवितांचं तोंड भरून कौतुक करतात आणि श्वास घेऊन कागदाचे भाव सांगतात. तीनशे प्रती निघतात. शंभर समारंभात वाटल्या जातात, पन्नास परीक्षणासाठी रवाना होतात, उरलेल्या दिवाणात. पाहुणे आले की गादी काढायला दिवाण उघडावा लागतो, त्यामुळे मुक्कामी राहणाऱ्याला स्वाक्षरीसह प्रत मिळते. दुसऱ्यांदा कुणी मुक्कामाला येत नाही, हा या गुंतवणुकीवरचा खरा परतावा.

ज्यांना एवढं परवडत नाही त्यांच्यासाठी प्रातिनिधिक काव्यसंग्रह आहे. पन्नास कवी, पन्नास सहभाग शुल्कं. प्रत्येकाला एक पान, दोन प्रती आणि लॅमिनेशन केलेलं सन्मानपत्र. लिहिणारे, विकत घेणारे आणि वाचणारे तेच, त्यातही प्रत्येक जण आपलंच पान वाचणार. तोट्यात जायला जागाच न ठेवणारा असा धंदा साहित्यात दुसरा नाही. मात्र तो संग्रह काढणाऱ्याचा आहे, कवीचा नव्हे.

एक पायरी खाली उतरलं की दिवाळी अंक. इथे नाव अनुक्रमणिकेत आणि कथेच्या डोक्यावर, म्हणजे पैसा शून्याच्या आसपास. जूनमध्ये फोन येतो.

‘सर, यंदा तुमची कथा हवीच. तुमच्याशिवाय अंकाला उंची येत नाही.’

‘शब्द किती?’

‘तीन हजार. अडीच झाले तर बरंच. एक जाहिरात वाढलीय.’

‘आणि मानधनाचं?’

पलीकडे रेंज जाते. परत येते तेव्हा संपादक म्हणतात, ‘सर, कागद किती महागलाय बघताय ना!’

कागदवाल्याला पैसे मिळतात. छापखान्याला मिळतात, बाइंडरला मिळतात, मुखपृष्ठावरची बाई काढणाऱ्या चित्रकाराला उशिरा का होईना, मिळतात. छापखानेवाल्याला कुणी म्हणून बघावं, की पैसे नाहीत पण आत तुमचं नाव छापतो. मुद्रकाचं नाव छापायची सक्ती १८६७च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. ते छापतातच, आणि तरी तो बिल लावतो. म्हणजे आपला नियम सगळ्यांना नाही, फक्त लिहिणाऱ्याला लागू आहे.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली. तिला शतक उलटून गेलं. मानधनाची चौकशी मात्र अजूनही दिवाळीनंतरच करायची असते. नोव्हेंबरात जाहिरातींची वसुली व्हायची असते. संक्रांतीला विक्रेत्यांकडून हिशेब यायचा असतो. मार्चमध्ये इयर एंडिंग असतं, ते तर सगळ्यांचंच असतं. एप्रिल-मे सुट्ट्या. आणि जूनमध्ये फोन येतो : ‘सर, यंदा तुमची कथा हवीच.’

आता पुस्तकाची रॉयल्टी. साधारण दहा टक्के धरा. अडीचशे रुपयांचं पुस्तक, पाचशेची आवृत्ती. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाचे साडेबारा हजार. खपायला चार वर्षं लागली तर महिन्याला अडीचशे साठ रुपये पडले. दोन माणसांचा डोसा आणि फिल्टर कॉफी, तीही गर्दी नसलेल्या हॉटेलात. त्यातून लेखकाने सवलतीत उचललेल्या प्रती वजा करतात. सवलत मात्र लेखकावरच्या प्रेमापोटी असते.

सरकारला मराठी लेखकाविषयी याहून मोठ्या आशा आहेत. १९६१च्या आयकर कायद्यात ‘८०क्यूक्यूबी’ नावाचं एक कलम घातलं गेलं. वाङ्‌मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय पुस्तकाच्या लेखकाला रॉयल्टीवर वर्षाला तीन लाखांपर्यंत वजावट. आपल्या दराने तीन लाख रॉयल्टी हवी तर अडीचशेचं पुस्तक वर्षात बारा हजार प्रती खपायला हवं. कलम लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची कल्पनाशक्ती पाहता त्याने कादंबरी लिहायला हवी होती. पण तो व्यवहारालाही पक्का होता. कारण याच कलमात पुस्तक कशाला म्हणू नये याचीही यादी दिली होती : गाईड, डायऱ्या, मासिकं, वर्तमानपत्रं, पत्रकं, शाळेची पाठ्यपुस्तकं. म्हणजे जे खपतं त्याला सूट नाही आणि ज्याला सूट आहे ते खपत नाही. तिजोरीला धक्का लागण्याची भीती कुठूनच नाही. प्रताधिकाराचा कायदा तर आणखी लांबचं पाहतो. १९५७च्या त्या कायद्याने लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत शाबूत ठेवला आहे. तोवर प्रकाशकाकडून हिशेब येईल, असा अंदाज दिसतो.

गाईडचा उल्लेख आलाच आहे तर त्याचा लेखक कोण ते पाहा. ‘अनुभवी शिक्षकवृंद’. नाव नाही, फोटो नाही, प्रकाशन समारंभ नाही. आणि घरोघरी प्रत. कवितेखाली ‘कवीला काय सुचवायचे आहे’ हे लिहिणाऱ्याला कवीपेक्षा जास्त पैसे मिळतात, आणि मार्कही त्याच्याच उत्तराला मिळतात.

इथून खाली नाव विरळ होत जातं आणि हवा मोकळी होते. बांधकाम व्यावसायिकाचं आत्मचरित्र : ‘शब्दांकन’ असं शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत, पैसे तीन हप्त्यांत, पहिला हप्ता बालपणाच्या आधी. तेही बारीक अक्षर नको म्हटलंत तर आकडा वाढतो. साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी असेल तर कार्यकर्ता गाडी घेऊन येतो, एका हातात फोटोंचं पाकीट, दुसऱ्या हातात दुसरं पाकीट. मजकुराची मापं ठरलेली असतात. पहिल्या पानावर दूरदृष्टी, दुसऱ्यावर कणखर बाणा, तिसऱ्यावर कणखर बाण्यामागचं हळवं मन, चौथ्यावर पूर्ण पान जाहिरात. ‘गेल्या वर्षीचाच मजकूर घ्या, फक्त पक्ष बदला,’ असं सांगणारा कार्यकर्ता पैसे मात्र पूर्ण देतो. असा आश्रयदाता साहित्य संस्थांत शोधून सापडायचा नाही.

आणि सगळ्यात तळाला, तहसील कचेरीच्या भिंतीला लागून, मराठीतला सगळ्यात सुखी लेखक बसलेला असतो. डोक्यावर निळी ताडपत्री, पुढ्यात घडीचं टेबल, त्यावर स्टॅपलर, शाईचा पॅड, तिकिटांचा डबा आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेला खलबत्त्याचा बत्ता. हा अर्जनवीस. वारस नोंद, सातबारावरचं नाव कमी करणं, रस्ता अडवल्याची तक्रार, प्रतिज्ञापत्र. समोरच्याचं रडगाणं वीस मिनिटं चालतं; हा त्यातून चार ओळी काढतो. ‘वरील विषयास अनुसरून’ सुरुवात, ‘ही नम्र विनंती’ शेवट. संपादनाचं याहून चांगलं शिक्षण विद्यापीठात मिळत नाही. त्याला कुणी म्हणत नाही, की आता लिहून द्या, पैसे अंक निघाल्यावर. कुणी म्हणत नाही, की यातून तुमचं नाव होईल. पैसे आधी, मग पेनाचं टोपण निघतं. पलीकडे खरेदीखतं लिहिणारे बसतात. त्यांच्या कागदावर लिहून देणार म्हणून जमिनीच्या मालकाचं नाव असतं, पण अक्षरन्‌अक्षर यांचं. वाचकही कसे, तर साक्षीदार धरून सगळे शेवटपर्यंत वाचतात. आणि परिणाम म्हणाल तर दोन सख्खे भाऊ त्यावरून आयुष्यभर बोलत नाहीत. आमच्या कुठल्या कादंबरीने एवढं केलंय?

मोठमोठी नावं छापून आली, ती माणसं जगली कशावर, असं कुणी विचारील. उत्तर सोपं आहे : पगारावर. केशवसुत शाळामास्तर होते, नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते, ग्रेस नागपूरला मराठी. मराठी साहित्याला राजाश्रय मिळाला नाही असं आपण उगाच म्हणतो. पहिल्या तारखेने तो कधी थांबवला नव्हता. आणि ज्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा पाडल्या आणि हातोहात खपवल्या, त्या बाबूराव अर्नाळकरांचं खरं नाव होतं चंद्रकांत सखाराम चव्हाण. नाव घरी ठेवून लिहायला बसावं, हे त्यांनी आमच्या आधी ओळखलं होतं.

तर जोड-उत्पन्न हवं असेल त्याने नावाचा मोह सोडावा, एवढं सांगून मी हे मार्गदर्शन संपवणार होतो. पण नियमालाच आता तडा गेला आहे. आमच्या परिचयातल्या एका कवीकडे परवा तोच पुरवणीवाला कार्यकर्ता आला. या वेळी मजकूर नको होता. तो मोबाइलने दोन मिनिटांत काढून दिला होता, दूरदृष्टी, बाणा, हळवं मन, सगळं जागच्या जागी. फक्त खाली एखाद्या साहित्यिकाचं नाव हवं होतं. त्याचे पैसे देतो म्हणाला, आणि आकडाही लिहिण्यापेक्षा मोठा सांगितला. कवीने भीत भीत विचारलं, की मग मजकूर एकदा नजरेखालून घालू का?

‘घाला की सर,’ तो म्हणाला, ‘पण वाचायचे वेगळे पैसे मिळणार नाहीत.’