चेहऱ्याचे काम चालू आहे

मुंबईच्या पार्लरमध्ये एक यंत्र असतं. बारीक स्फटिकांचा फवारा चेहऱ्यावर मारून ते वरची मेलेली कातडी उडवतं आणि पार्लरवाले हजारांत बिल लावतात. त्याला मायक्रोडर्माब्रेजन म्हणतात. आम्हा भिवंडीकरांना हा खर्च नाही. बाळकूमहून कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसायचं, हेल्मेटची काच वर करायची आणि कशेळी, काल्हेर, पूर्णा करत अंजूर फाटा गाठायचा. पुढच्या कंटेनरने उडवलेली खडी, सिमेंट आणि रेती यांचा फवारा समोरून येतो. पावसाळ्यात वर चिखलाचा लेप, तोही मोफत.

देशातल्या कितीतरी न्हाणीघरांत जाणारे स्क्रब, सीरम आणि फेसपॅक ज्या गोडाऊनांतून निघतात, ती आमच्याच माणकोली, दापोडे, राहनाळ पट्ट्यात आहेत. कोथरूडची कातडी इथून उजळते. माल पुढे जातो, धूळ मागे राहते. साहजिकच भिवंडीकराचा ठाम समज झाला आहे की इतकी धूळ बसते, तर तितकंच घासलं पाहिजे.

गल्लत इथेच आहे. धूळ, धूर, लूमवरून उडणारं कापसाचं तूस, हे सगळं चेहऱ्यावर बसतं आणि पाण्याने, सौम्य फेसवॉशने निघूनही जातं. स्क्रब खरवडतो ती आपल्याच मेलेल्या पेशींची साल. ही साल म्हणजे कचरा नव्हे. पंधरा-वीस पदरांची, तरी वहीच्या कागदाहून पातळ अशी ती भिंत आहे. आतलं पाणी आत आणि बाहेरचा धूर बाहेर ठेवणं हे तिचं काम. तरुणपणी काही आठवड्यांत ती आपणहून गळते नि नवी येते, वय झालं की जरा सावकाश. निविदा नाही, ठेकेदार नाही, तरी काम होतं. भिवंडीत यावर कुणाचा विश्वास बसत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण जिथे धूळ जास्त, तिथे ही भिंत शाबूत ठेवायची गरजही जास्त.

आता लग्नसराई. तालुक्यातल्या आगरी हळदी ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको की लग्न दुसऱ्या दिवशी असलं तरी खरा सोहळा आदल्या रात्रीचाच. मांडव, डीजे, लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या धवलारणी आणि वर घिरट्या घालणारा ड्रोन. तेव्हा एक नवरी कल्पून बघा, हळदीला पंधरा दिवस उरलेली. मावशी म्हणाली, लिंबू-साखर चोळ. काकी म्हणाली, खायचा सोडा. पार्लरवालीने अक्रोडाच्या टरफलांचा स्क्रब दिला. गोडाऊनमध्ये पिकिंगला असलेल्या आतेभावाने तीस टक्के ग्लायकोलिक अ‍ॅसिडची बाटली मागवून दिली, पाहुण्याचा आहेर म्हणून. लग्नघरात कुणाचा मान मोडायचा नसतो. पोरीने सगळं लावलं.

लिंबाचा सामू दोनच्या आसपास, सोड्याचा आठाच्या पुढे, त्वचेचा पाचाच्या जवळपास. मावशी आणि काकीचं एरवीही पटत नाही, पण भांडायला पोरीचं तोंड वापरायची ही पहिलीच वेळ. त्यात लिंबू लावून उन्हात पत्रिका वाटायला गेलं की भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. अक्रोडाची टरफलं कितीही दळली तरी कडा धारदारच राहतात. स्क्रबमधले प्लास्टिकचे गोल मणी म्हणे मऊ असत. पण ते गटारातून थेट पाण्यात जातात म्हणून अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून त्यांच्यावर बंदी आणली, आणि आपल्या मानक ब्यूरोने २०१७ मध्ये ते असुरक्षित ठरवले. बरं झालं. आमच्या कामवारी नदीला आधीच वाहून न्यायला बरंच काही आहे.

ग्लायकोलिक आम्ल उसात असतं. साखर कारखानदारांच्या हे अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

दहाव्या दिवशी पोरीचा चेहरा लालबुंद, साध्या पाण्यानेही चुरचुरणारा. मावशी म्हणाली, ‘तेज आलंय गो बाय.’ मग कुणीतरी केमिस्टाकडून एक बारीक ट्यूब आणली, दोन दिवसांत गोरं करणारी. ती स्टेरॉइडची. चेहऱ्याची कातडी पातळ करून ठेवणारी, आणि सोडली की दुप्पट चिडवणारी. असली चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असं केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलं. चिठ्ठी म्हणजे काय, हा प्रश्न काउंटरवर अजून चर्चेत आहे.

आणि यातला सगळ्यात क्रूर विनोद असा की आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीला चिडवलं की ती रंग सोडत नाही, वाढवते. लाली ओसरते आणि मागे काळपट डाग राहतात, कधी कधी काही महिने. जपानी डॉक्टरांनी १९८०च्या दशकात नायलॉनच्या टॉवेलने अंग रगडणाऱ्यांच्या हाडांवरच्या कातडीवर काळे पट्टे नोंदवले. आपल्याकडे ते काम काथ्या करतो. उजळायला म्हणून घासायचं आणि काळवंडलं म्हणून आणखी घासायचं. रस्त्यांच्या कामात याला पुढच्या वर्षीची तरतूद म्हणतात.

घासल्यावर बोटांखाली वळ्या निघतात, त्यांनी तर भलेभले फसतात. ‘बघ किती मळ!’ पीलिंग जेलच्या त्या वळ्या बऱ्याच अंशी जेलच्याच असतात. बेसन चोळलं तर बेसनाच्या.

उटण्याचं काय, असं विचाराल. आजीचं उटणं दिवाळीत, तेल माखलेल्या अंगाला, हलक्या हाताने. त्यातलं औषध कपूरकाचरीपेक्षा ‘दिवाळीत’ या शब्दात जास्त होतं. तेच उटणं रोज कोरड्या तोंडावर रगडणारी नात परंपरा पाळते आहे असं मला वाटत नाही.

त्वचेचे डॉक्टर सांगतात ते इतकं साधं आहे की फी द्यायला जिवावर येतं. स्क्रब असो की आम्ल, आठवड्यातून एकदा, कातडी तेलकट असेल तर फार तर दोनदा. दाणेदार काही वापरायचंच असेल तर बारीक दाण्याचं, ओल्या चेहऱ्यावर, बोटांच्या पेरांनी, अर्धा मिनिट. मग कोमट पाणी आणि टॉवेलने टिपणं, पुसणं नव्हे. आम्ल हवं असेल तर कमी टक्क्यांचं, लॅक्टिक किंवा मॅन्डेलिकसारखं, रात्रीचं, आणि आधी जबड्याखाली थोडं लावून दोन दिवस वाट बघायची. घरगुती वापराला ग्लायकोलिकची सुरक्षित मर्यादा अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी दहा टक्के धरली आहे. तीस टक्क्यांचं काम डॉक्टरांच्या खोलीत, घड्याळ लावून होतं. आम्ल लावलेल्या रात्री रेटिनॉल नको. वर मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. पिकलेल्या मुरुमावर, उन्हाने भाजलेल्या किंवा नुकतंच थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच केलेल्या जागी स्क्रब किंवा आम्ल अजिबात नाही. दुचाकीवरून जाताना काच खाली करायची, हे डॉक्टर सांगत नाहीत. ते मी सांगतो.

आणि कातडी आधीच सोलवटली असेल तर सगळं बंद. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, इतकंच, आणि काही आठवडे धीर. जळजळ थांबली नाही किंवा डाग पडायला लागले तर केमिस्ट नव्हे, डॉक्टर.

हळदीला पंधरा दिवस उरले असतील तर नवं काहीही तोंडाला लावू नका. मावशीला मात्र सांगा, लावलंय म्हणून.