तात्पर्य सांग, मगच घरी जा

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी प्राथमिक शाळेत प्रेरणा द्यायची रीत साधारण ठरलेली असते. फोटोला हार, मग एका पाहुण्यांचं भाषण, मग ते भाषण कसं उत्तम झालं हे सांगणारं दुसऱ्या पाहुण्यांचं भाषण. वाचनाचे फायदे ऐकण्यात वाचनाचा तास संपतो. एरवी दर्शन न देणारी पुस्तकं मुलांच्या हाती येतात, फोटो निघतो, तो केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि पुस्तकं कपाटात. हेतू चांगलाच आहे, पण ज्या मुलाला गोष्ट हवी असते त्याला आपण गोष्टीची शिफारस देतो.

खरी अडचण मुलांच्या आवडीची नाही, त्या कपाटाच्या कुलपाची आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही असावीत, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. कायद्याने पुस्तकं आणली, पण ती बाहेर काढायची की नाही हे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या मालमत्तेची नोंदवही, ठरवतं. मुख्याध्यापकांची बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, पुस्तकं मोजून द्यावी लागतात. ‘गोट्या’चं एक पुस्तक कमी भरलं तर खुलासा. उलट शंभर पुस्तकं वर्षभर कुणीच उघडली नाहीत म्हणून कुणाला नोटीस आल्याचं ऐकिवात नाही. अशा व्यवस्थेत किल्ली खिशात ठेवणारा माणूस अरसिक नसतो, शहाणा असतो. ग्रंथ वापरासाठी असतात हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडला. एवढी उघड गोष्ट नियम करून सांगावी लागली, यातच काय ते आलं. ‘मुलं पुस्तकं फाडतात हो’ ही तक्रार मात्र खरी आहे. फाडतात, हरवतात, पोह्याचं तेलही लावतात. म्हणून ग्रंथालयाचा कुठलाही उपक्रम आखताना आधी दरवर्षी काही पुस्तकांच्या निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदीतून वजा करण्याची, सोय करावी आणि मगच बोधचिन्हाची स्पर्धा घ्यावी. ज्या ग्रंथालयातलं एकही पुस्तक फाटलेलं नाही, त्याची खरं तर चौकशी व्हायला हवी.

कुलूप निघालं की बक्षिसं येतात. दहा पुस्तकं वाचा, पदक मिळवा. अमेरिकेत पिझ्झा हटने १९८० च्या दशकातच ठरलेलं वाचन पूर्ण करणाऱ्या मुलांना छोटा पिझ्झा द्यायला सुरुवात केली. मानसशास्त्रज्ञ अशा आमिषांकडे जरा संशयाने बघतात. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं, तर पुढे ती मुलं इतरांच्या निम्मा वेळच चित्रांत रमली. सरकारी शिक्का बसला की छंदाची नोकरी होते, हे त्यांना चौथ्या वर्षीच कळलं. यावर कुणी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांचा अभ्यास पुढे करील, आणि तो टाळता येत नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, आणि त्यांचं वाचून समजणं खरोखर सुधारलं. मग खरं कोण? मला वाटतं, दोघंही. ज्याला पुस्तकाची भीती वाटते त्याला सुरुवातीला एखादी लिमलेटची गोळी द्यायला हरकत नाही. पण जो आधीच बाकाखाली ‘फास्टर फेणे’ उघडून बसलाय त्याला पदक देणं म्हणजे पोहणाऱ्याच्या पाठीला डबा बांधणं. आपल्याकडे पदक नेमकं त्यालाच मिळतं.

बक्षिसाहूनही मारक गोष्ट म्हणजे पुस्तक परत करताना होणारी चौकशी. लेखकाचं नाव काय, तात्पर्य काय, तुला कोणतं पात्र आवडलं आणि का, पाच ओळींत लिही. सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्या पालकांना दारात अडवून असा पेपर द्या, पुढच्या शुक्रवारी थिएटर ओस पडेल. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ साली एक उपक्रम सुरू झाला. त्यात मुलं प्रशिक्षित कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवतात, आणि तो पुढे इतर ग्रंथालयांतही पसरला. कारण उघड आहे. कुत्रा शेजारी बसतो, ऐकतो, जोडाक्षराला अडखळलं तरी ‘पुन्हा वाच’ म्हणत नाही. आपल्या शाळेच्या आवारातही दोन-चार कुत्री असतातच, फक्त त्यांचं प्रशिक्षण व्हायचं आहे.

‘पण विचारलं नाही तर मुलाने वाचलं की नाही हे कळणार कसं?’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर देवघेवीच्या वहीत असतं. ‘फास्टर फेणे’चं एक पुस्तक परत करून दुसरं मागणाऱ्या मुलाची वेगळी परीक्षा कशाला? जे पुस्तक चार पानांत सोडून दिलं तेही तिथे दिसतं, आणि पुढच्या खरेदीला उपयोगी पडतं. मुलं भुताखेतांचं आणि फालतू विनोदांचं वाचतील, अशीही काळजी असते. वाचतील की. वाचण्याचा वेग भुतांवर वाढला तरी तो पुढे इतिहासाच्या पुस्तकाला चालतो. आणि एखाद्याने तेच पुस्तक तिसऱ्यांदा मागितलं तर ‘हे झालं ना तुझं वाचून?’ असं म्हणून हातातलं काढून घेऊ नये. घरातली वडीलमंडळी एकच बातमी सकाळी पेपरात वाचतात, दुपारी टीव्हीवर बघतात, रात्री फोनवर पुन्हा वाचून चौघांना पाठवतात, आणि त्यांना कुणी तात्पर्य विचारत नाही.