मुक्त यंत्रांची परकी किल्ली

आभासी डेस्कटॉप म्हणजे टेबलावरचा संगणक उचलून सर्व्हरच्या पोटात ठेवणे. टेबलावर उरतात पडदा, कीबोर्ड आणि संयम. लिनक्सवर हे काम केव्हीएम करते. कुमरानेट या कंपनीने लिहिलेले केव्हीएम 2007 साली लिनक्सच्या गाभ्यात आले. 2008 मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने कुमरानेटच विकत घेतली. सोबत आलेला कारभाराचा डोलारा मात्र मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेतला. त्यामुळे ही मुक्तस्रोत यंत्रे हाकायला आधी विंडोज सर्व्हर लागे, वर इंटरनेट एक्सप्लोररही. सोवळे नेसायचे, पण धोतर शेजाऱ्याचे! पुढे तो डोलारा जावात लिहिला गेला आणि 2011 मध्ये ओव्हर्ट नावाने खुला झाला. दूरचा पडदा दाखवणारे स्पाइस मात्र रेड हॅटनेच आपल्या लिनक्सच्या नवव्या आवृत्तीतून वगळले.