लाल सिग्नलपेक्षा साहेबाचा धाक

मोटरमननं लाल सिग्नल ओलांडला की रेल्वेत त्याची गय नाही. शिक्षा नोकरी जाण्यापर्यंत पोचते. सिग्नल पाळलाच पाहिजे. पण तो किती तास ड्युटीवर होता, झोप झाली होती का, हे कोण विचारतं? फेब्रुवारी 2024 मध्ये मध्य रेल्वेच्या एका मोटरमनचा भायखळ्याजवळ रूळ ओलांडताना गाडीच्या धडकेनं मृत्यू झाला. सिग्नलच्या चुकीवरून होणाऱ्या कारवाईचं त्याला टेन्शन होतं, असं सहकारी सांगत होते. ते अंत्यसंस्काराला गेले, जादा ड्युटी नाकारली गेली आणि लोकलच्या कितीतरी फेऱ्या रद्द झाल्या. बोभाटा झाला तो रद्द फेऱ्यांचा.

हा धाक कुठवर नेतो, ते जपाननं भोगलंय. 25 एप्रिल 2005, आमागासाकी. 23 वर्षांच्या चालकाची गाडी आधीच्या स्टेशनात फलाट सोडून सुमारे 70 मीटर पुढे गेली. तिथल्या कंपनीत चुकलेल्या चालकाला गाडीवरून उतरवून दिवसेंदिवस माफीवजा अहवाल लिहायला लावत, गवत उपटायला लावत. म्हणून त्यानं गार्डला गळ घातली, जरा कमी करून सांग. गार्डनं वायरलेसवर 8 मीटर सांगितले. ते बोलणं ऐकण्यात चालकाचं लक्ष गुंतलं आणि ब्रेक उशिरा लागला, असं चौकशीत निघालं. 70 ची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ताशी 116 किलोमीटरनं शिरली. त्याच्यासकट 107 जीव गेले. माझ्या मते तो अपघात त्या कंपनीच्या ऑफिसातच सुरू झाला होता.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात विळद-वांबोरीच्या पट्ट्यात कीमन हातोडा-पाना आणि लाल झेंडी घेऊन रूळ तपासत चालतो. निखळलेली क्लिप ठोकून बसवतो. रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवणं त्याच्याच हातात. थांबवल्याबद्दल त्याची पाठ थोपटली गेली पाहिजे. ‘गाडी लेट का केली’ म्हणून एकदा खडसावलं, तर पुढच्या वेळी झेंडी वर करताना त्याचा हात अडखळेल, आणि तेवढ्यात गाडी पुढे निघून गेलेली असेल.

ब्रिटनमध्ये 1996 पासून रेल्वे कामगाराला नाव गुप्त ठेवून धोका कळवता येतो. जाणूनबुजून हलगर्जी करणाऱ्याला जरूर शिक्षा करा. पण जिल्ह्याच्या दोन्ही खासदारांनी नव्या गाड्या आणि थांबे मागताना लोकसभेत हेही विचारावं: स्वतःची चूक स्वतःहून सांगणाऱ्या रेल्वे कामगाराला संरक्षण कधी देणार?