लेफ्टनंटसाहेब, पॉपकॉर्न संपलंय!

अमेरिकन हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये सर्वांत जबाबदारीचं पद कोणतं? स्क्वाड्रन कमांडरचं, असं सांगून मोकळे होऊ नका. कमांडर दोन दिवस रजेवर गेला तर विमानं उडतच राहतात. 'स्नॅको' रजेवर गेला तर हाहाकार माजतो. स्नॅको म्हणजे स्नॅक ऑफिसर: स्क्वाड्रनच्या खाऊच्या कपाटाचा आणि बिअरच्या फ्रिजचा पालनकर्ता. हे पद नव्याने दाखल झालेल्या लेफ्टनंटला मिळतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि नकार देण्याचीही सोय नसते.

हा लेफ्टनंट म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारं एफ-१६ चालवायला शिकलेला गडी. असा एक वैमानिक घडवायला सुमारे ५६ लाख डॉलर लागतात आणि एफ-२२चा असेल तर १ कोटी ९ लाख, असा हिशेब रँड या संस्थेने २०१९ मध्ये मांडला होता. एवढा पैसा ओतून तयार झालेले हे साहेब सकाळी हवाई युद्धाचे डावपेच घोकतात आणि दुपारी तळावरच्या दुकानात ट्रॉली ढकलत सोड्याचे कॅन मोजतात. हालापेनो मिरची घालून फोडलेलं पॉपकॉर्न ही तिथल्या लढाऊ स्क्वाड्रनची आन-बान-शान. सरावात प्रतिस्पर्धी विमान निसटलं, तर उड्डाणानंतरच्या बैठकीत त्याची कारणं शांतपणे तपासली जातात. पॉपकॉर्न करपलं, तर कारणं ऐकून घेण्याइतकं मोठं मन कुणाचंच नसतं.

अर्थात स्नॅकोगिरी ही जुनी, हौसेची परंपरा. तिच्यातून निदान चार माणसांच्या तोंडात काहीतरी पडतं. खरी गंमत सरकारी शिक्क्याच्या 'अतिरिक्त कामां'त आहे. अतिरिक्त काम म्हणजे मूळ कामाला धक्का न लावता, मूळ कामाच्याच वेळात, मूळ पगारातच करायचं काम. अशी कामं इतकी माजली, की त्यांच्या व्यवस्थापनासाठी हवाई दलाने स्वतंत्र नियमपुस्तिकाच काढली. २०१६ साली तिच्यात ६१ अतिरिक्त कामांची नोंद होती.

कुणी मतदान साहाय्य अधिकारी; सहकाऱ्यांना टपाली मतपत्रिकेचा अर्ज कसा भरायचा ते समजावणारा. कुणी मोटरसायकल सुरक्षा प्रतिनिधी. स्वतः आकाशात उलटासुलटा होऊन आल्यावर दुचाकीवाल्यांना हेल्मेटचं महत्त्व सांगणारा. कुणी इमारतीचा रखवालदार. नळ गळतोय, दिवा गेलाय, एसी बंद आहे, याच्या तक्रारी नोंदवणारा. कुणी दफ्तर सांभाळणारा, कुणी धर्मादाय निधीची पावती-पुस्तकं फिरवणारा. प्रत्येक कामाला स्वतःचं प्रशिक्षण, स्वतःची फाइल आणि ती फाइल तपासायला येणारा स्वतःचा एक साहेब.

आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना हे वाचून अजिबात नवल वाटणार नाही. जनगणना करून, मतदारयादी दुरुस्त करून, खिचडीच्या तांदळाचा हिशेब लिहून वेळ उरला तर ते शिकवतात. अमेरिकेतल्या साहेबांनी त्यांच्याकडून फाइल बांधायची कला शिकून घ्यायला हरकत नाही.

मग ही कामं आधी कोण करत होतं? कारकून. प्रत्येक स्क्वाड्रनच्या कार्यालयात कागद सांभाळणारी माणसं होती. पण २००० नंतरच्या दशकाच्या मध्यावर हवाई दलाला नव्या विमानांसाठी पैसे हवे होते. मग सुमारे ४०,००० पदांवर कुऱ्हाड चालवायचं ठरलं आणि कचेरीतली माणसं त्यात पुढे सापडली. माणसं गेली, कागद मात्र कुठेच गेले नाहीत. ते टेबलावर वाट पाहत बसले आणि समोरून पहिला जो दिसला त्याला चिकटले. समोरून जाणारा वैमानिक होता.

तो वैमानिक तक्रार का करत नाही? कारण वार्षिक गोपनीय अहवाल. तुम्ही शंभर उड्डाणं केलीत आणि शंभर वेळा विमान सुखरूप उतरवलंत, तर त्यात लिहिणार काय? 'काही घडलं नाही' ही वैमानिकाची सर्वांत मोठी कर्तबगारी. पण अहवालात ती मावत नाही. अहवालाला हवे असायचे ठोकळे: एका ओळीत बसणारी, क्रियापदाने फुरफुरणारी, उजव्या कडेपर्यंत जागा रिकामी न सोडणारी तुटक वाक्यं. चिप्सची दहा पाकिटं आणली, याचं अहवालात काय व्हायचं पाहा: 'अन्नपुरवठा मोहिमेचं यशस्वी नेतृत्व, पथकाला अखंड ऊर्जा, लढाऊ सज्जतेत भरीव वाढ'. नाताळची पार्टी नीट पार पाडणारा तर थेट रणनीतिज्ञ ठरायचा. २०२२ मध्ये हवाई दलाने हे ठोकळे बंद करून सरळ वाक्यं लिहायचं ठरवलं. आता चिप्सचा पराक्रम व्याकरणशुद्ध भाषेत वाचायला मिळतो.

या कामांची गोडी लागली तर काय होतं, हे जोसेफ हेलरने १९६१ मध्येच 'कॅच-२२' कादंबरीत दाखवून ठेवलंय. हेलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानातून मोहिमांवर गेलेला. त्याच्या कादंबरीतला मायलो हा वैमानिक असतो आणि मेस ऑफिसरही. अंड्यांच्या खरेदी-विक्रीत तो इतका रमतो, की व्यवहार चोख ठेवण्यासाठी जर्मनांशी करार करून आपल्याच तळावर बॉम्ब टाकवतो. त्याचा जमाखर्च मात्र शेवटी नफ्यात. असा अधिकारी अहवालात सहज पहिला आला असता.

२०१६ मध्ये हवाई दलाच्या सचिव डेबोरा ली जेम्स आणि प्रमुख जनरल डेव्हिड गोल्डफीन यांनी अतिरिक्त कामं कमी करायची घोषणा केली. काही कामं रद्द झाली, काही आटोपशीर झाली आणि काही कमांडरच्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांकडे सोपवायची ठरली. म्हणजे ज्यांना दहा वर्षांपूर्वी नारळ दिला होता, त्यांच्याकडेच. मग ती पदं पुन्हा उभी करण्याची तयारी सुरू झाली. जुना कारकून नव्या धोरणाच्या नावाने परत आला, की त्याला सुधारणा म्हणतात.

तोपर्यंत पाखरं उडायला लागली होती. प्रशिक्षण संपवून पंख मिळाले, की १० वर्षं नोकरी बंधनकारक. ती सरली की दारात प्रवासी विमान कंपन्या उभ्या. तिथे विमान चालवायचं आणि घरी जायचं. मोटरसायकलवाल्यांना प्रवचन नाही. २०१७ साली सुमारे २०,००० वैमानिकांच्या हवाई दलाला २,००० वैमानिक कमी पडत होते. त्यावर वर्षाला ३५,००० डॉलरपर्यंत बोनस जाहीर झाला. वैमानिक का जातात हे शोधून उपाय सुचवायला एक खास कृती दलही स्थापन झालं. त्याचं नेतृत्व एका ब्रिगेडियर जनरलकडे सोपवलं. तेही मूळचे वैमानिकच. वैमानिक कॉकपिटमध्ये कमी पडतात, यावर कचेरीत बसून विचार करायलाही वैमानिकच लागला.

आता हिशेब बघा. पाच-सहा जणांच्या बोनसमध्ये दोन-तीन चांगले कारकून आरामात बसले असते. पण कारकुनाचा पगार अंदाजपत्रकात ठळक दिसतो, त्यामुळे त्यावर कात्री चालवून बचतीचं श्रेय घेता येतं. वैमानिकाची फाइलींत गेलेली दुपार कुठल्याच रकान्यात दिसत नाही. आणि जे रकान्यात दिसत नाही ते फुकट, या सिद्धांतावर जगातली सगळी सरकारं, मग ती कुठल्याही पक्षाची असोत, एकमताने चालतात.